गणपतीतल्या क्विझसाठी भारी प्रश्न कसे शोधायचे (आणि माईकवर तोंडावर कसं पडायचं नाही)

दोन वर्षांमागं आमच्या गल्लीतल्या मंडळानं गणपतीत क्विझ ठेवली आणि प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात आलं. मी काय केलं, आदल्या रात्री अकराला मोबाईल घेऊन बसलो, व्हॉट्सॲपवरचे चार फॉरवर्ड चाळले, झाले पंचवीस प्रश्न तयार. पहिलाच प्रश्न, सोलापूर हे नाव कशावरून पडलं? पोरं एका सुरात ओरडली, सोळा गावांवरून! मी पाच मार्क देऊन मोकळा. तेवढ्यात मागनं एक रिटायर्ड सर उठले, माईकबिईक काही मागितला नाही, तिथनंच म्हणाले, "ती सोळा गावं कुठली, जरा नावं सांगा की." मला तीन पण आली नाहीत. सगळा मांडव हसला आणि माझी बायको सगळ्यात जास्त.

नंतर सरांनीच चहा पाजत समजावलं. सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या संत सिद्धरामेश्वरांच्या काळातल्या, म्हणजे कल्याणीच्या कलचुरी राजांच्या वेळच्या शिलालेखांत गावाचं नाव सोन्नलगे असं आहे. पुढं ते सोन्नलगी झालं, मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या शके 1238 च्या संस्कृत लेखात सोनलीपूर, आपल्या भुईकोट किल्ल्यातल्या एका लेखात सोनलपूर आणि तिथल्याच विहिरीवरच्या लेखात संदलपूर. मधला न गळाला आणि सोलापूर राहिलं, असं अभ्यासक मानतात. इंग्रजांनी त्याचं शोलापूर केलं ते वेगळंच. म्हणजे सोळा गावांची गोष्ट ऐकायला गोड, पण दगडावर लिहिलेलं काही वेगळंच सांगतंय.

त्या दिवसापासनं मी ही कामं जरा नीट करायला लागलो, तर ज्याच्याकडं यंदा क्विझ किंवा गॅदरिंगचं काम आलंय त्याच्यासाठी लिहितोय.

सुरुवात मोबाईलवरनं करू नका, ताटापासनं करा. समोरच्या प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारायचा, बाबा तू आलास कुठनं? आपली शेंगा चटणी घ्या. सोलापूरची ओळखच ती, उखळात कुटलेली, तेल सुटलेली, पाहुणा परत निघाला की पिशवीत पावशेर टाकायचीच. आता शेंगा मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या. मिरची पण अमेरिका खंडातलीच, आणि कोलंबस तिकडं पोचला 1492 ला, वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 ला, त्यामुळं त्याच्या आधी भारतात कुणी मिरची खाल्ली असणं शक्यच नाही, ती पोर्तुगिजांच्या जहाजांतनं आली. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. म्हणजे ते तलाव बांधून घेत होते तेव्हा सोन्नलगीत शेंगा चटणी नावाचा प्रकारच नव्हता! चटणीतला लसूण, जिरं आणि मीठ तेवढं तेव्हा होतं. बरं सोबतची कडक भाकरी? ज्वारी मूळची आफ्रिकेची. पण ती हजारो वर्षांपूर्वीच इकडं आली आणि अशी रुजली की आज मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला जीआय मानांकन आहे.

हे मी घरी सांगितलं तर आई म्हणाली, मग तेव्हाची माणसं तिखट काय खात होती रे? हा प्रश्न मला सुचला पाहिजे होता. उत्तर सोपं आहे, काळी मिरी आणि पिंपळी, दोन्ही इथल्याच. तर ताटावरनं प्रश्न काढताना घरातल्या मोठ्या बाईमाणसांना आधी ऐकवून बघा, त्या जो उलटा प्रश्न विचारतात तो बहुतेक वेळा तुमच्या प्रश्नापेक्षा भारी असतो.

उपवासाचं ताट तर विचारूच नका. साबुदाणा ज्या कंदापासनं होतो तो, बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, राजगिरा, सगळे अमेरिका खंडातनं आलेले. भगर तेवढी आपली. एकादशीला हे कुणाच्या घरी जाऊन सांगायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी सांगून एकदा खिचडीला मुकलोय.

आता दुसरी युक्ती, वजाबाकी. इतिहासातल्या दोन तारखांमधलं अंतर मोजायचं, बस. आपल्या डोक्यात "जुनं" नावाचा एकच डबा असतो आणि त्यात सगळे राजे, संत, किल्ले एकत्र कोंबलेले असतात. पोरांना विचारा, शिवाजी महाराज सिद्धरामेश्वरांना जास्त जवळचे का आपल्याला? शंभरातले नव्वद जण चुकतील. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकात, महाराजांचा जन्म 1630 चा, मधे साडेचारशेच्या वर वर्षं. आणि महाराजांच्या जन्मापासनं आजपर्यंत चारशे पण पूर्ण झाली नाहीत. म्हणजे महाराज आपल्याला जवळ! याला ना पुस्तक लागतं ना नेट, कागद-पेन लागतं फक्त. शिलालेखावर शके दिलं असेल तर त्यात 78 मिळवा की इसवी सन येतो (वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत 79 होतं, पण क्विझला एवढं चालतंय). वरचं कामतीचं शके 1238 म्हणजे 1316.

तिसरी गोष्ट म्हणजे "पहिला", "सर्वात जुना", "जगात एकमेव" हे शब्द दिसले की थांबायचं. हे शब्द म्हणजे रस्त्यावरचा खड्डा, वरनं पाणी भरलेला, आत किती खोल कळत नाही. आपल्याकडंच बघा. दक्षिण सोलापूरात हत्तरसंग कुडल, भीमा आणि सीनेचा संगम, तिथल्या देवळात एक मराठी ओळ कोरलेली आहे, "वाछि तो विजेया होईवा", म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. शके 940, म्हणजे 1018. हजार वर्षांमागची मराठी आणि ती पण वाचणाऱ्याला आशीर्वाद देणारी, मला तर ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा काटा आला अंगावर. सोलापूरचेच अभ्यासक आनंद कुंभार यांनी हा लेख उजेडात आणला. आमच्या पिढीला शाळेत शिकवलं होतं की पहिला मराठी शिलालेख श्रवणबेळगोळचा, चावुंडरायाचा. मग कुणी म्हणतं कुडलचा. तर तिकडं अलिबागजवळच्या अक्षीचा लेख आहे शके 934 चा, म्हणजे 1012, सहा वर्षं आधीचा. आणि या तारखांच्या वाचनावर अभ्यासकांचे वाद आहेतच. आता क्विझमध्ये तुम्ही "पहिला मराठी शिलालेख कोणता" असं विचारलं की भांडण ठरलेलं. त्यापेक्षा असं विचारा, सोलापूर जिल्ह्यात हजार वर्षांपूर्वीची मराठी ओळ कुठं कोरलीय आणि ती काय म्हणते? उत्तर एकच, वाद नाही आणि ऐकणारा पण खूश. प्रश्नातनं "पहिला" काढला तरी मजा उरत असेल तर तो प्रश्न चांगला, नाहीतर टाकून द्या सरळ.

काही प्रश्न स्वतः करून बघता येतात, ते मला सगळ्यात आवडतात कारण तिथं कुणी सर उठून आडवं लावू शकत नाही. उदाहरणार्थ, बाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो का? नाही येत. भारताची घड्याळं साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेली, सोलापूर त्याच्या पश्चिमेला जवळपास साडेसहा अंश, एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे आपली खरी दुपार 26 मिनिटांच्या आसपास उशिरा होते (ऋतूप्रमाणं थोडं मागंपुढं). आणि तेव्हासुद्धा सूर्य अगदी डोक्यावर वर्षातनं दोनदाच येतो, 10-11 मेच्या आसपास एकदा आणि ऑगस्टच्या सुरुवातीला एकदा. त्याला शून्य सावली म्हणतात. करायचं काय, गच्चीवर सपाट जागा बघून एक उभा सरळ डबा किंवा पाईपचा तुकडा ठेवायचा आणि 12 वाजून 15 मिनिटांपासनं बघत बसायचं, मेमध्ये 20 ते 25 मिनिटांच्या दरम्यान (ऑगस्टात 30 ते 35) सावली बुडाखाली गडप. पायात चप्पल घाला बरं का, मेमधली सोलापूरची गच्ची आहे ती, तवा नव्हे पण तव्याची चुलत बहीण. ऑगस्टात चटके नाहीत पण ढगांचा भरवसा नाही. आणि याला जोडून विचारायचा प्रश्न, दिल्लीत हे कधी होतं? कधीच नाही, दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे, तिथं सूर्य कधीच बरोब्बर डोक्यावर येत नाही. दिल्लीला जे जमत नाही ते सोलापूरला वर्षातनं दोनदा जमतं, हे वाक्य टाकलं की टाळ्या नक्की.

नेटवरनं उचलायचंच असेल तर जे सगळे बरोबर समजतात तेच आधी तपासा. हॉकी आपला राष्ट्रीय खेळ? सरकारनं माहिती अधिकारात 2012 ला सांगितलं, असा कुठलाच खेळ घोषित नाही. हिंदी राष्ट्रभाषा? घटनेत राष्ट्रभाषा हा दर्जाच नाही, राजभाषा आहे. चीनची भिंत अंतराळातनं दिसते? 2003 मध्ये चीनचा स्वतःचाच अंतराळवीर यांग लिवेई परत येऊन म्हणाला, मला नाही दिसली. हे तीन वापरून वापरून गुळगुळीत झालेत, एखादाच घ्या.

चीनवरनं आठवलं. माणसांवरचे प्रश्न काढताना जन्मगाव आणि जन्मतारीख विचारू नका, झोप येते. "पुढं काय झालं" ते शोधा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे हे पोरांना माहिती असतं, 1938 ला चीनला गेले हे पण. पण तिथं त्यांचं चिनी नाव के दिहुआ, आणि त्यातला हुआ म्हणजे चीन, हे माहिती नसतं. त्यांनी तिथंच लग्न केलं, मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मुलगा काही महिन्यांचा असतानाच डॉक्टर गेले, 9 डिसेंबर 1942, वय 32. एवढं सांगितलं की मांडवात आवाज बंद होतो.

तसंच चार हुतात्म्यांचं. चार पुतळ्यापाशी आपण रोज भेळ खायला जातो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली, ऐन सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत. हा प्रश्न मी मार्कांसाठी विचारत नाही, चारही नावं ज्याला येतात त्याला स्टेजवर बोलवून म्हणायला लावतो. काही गोष्टींवर बझर दाबायचा नसतो, असं आपलं माझं मत.

आता सांगायचं कसं. उत्तर आधी फोडायचं नाही, अंदाज बांधायला लावायचा, आणि एका वेळी दोनच गोष्टी. लै माहिती असली की हात शिवशिवतात, मला माहितीये, पण दहा सांगितल्या तर एक पण घरी जात नाही. आणि माहिती टांगायची खुंटी गावातली पाहिजे. पॅराशूटचा इतिहास म्हटलं तर कोण ऐकणार, पण मी यंदा विचारलं, कुर्डुवाडी-बार्शी छोटी रेल्वे आणि पॅराशूट यांचा काय संबंध? कुणालाच येईना. पोरं म्हणाली, गाडी इतकी हळू होती की उडी मारली तरी लागायचं नाही. मग सांगितलं, अडीच फूट गेजची ती बार्शी लाईट काढली एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं, 1897 ला गाडी सुरू झाली. रोल्स-रॉइसमधले चार्ल्स रोल्स त्याचे मित्र, ते 1910 ला विमान कोसळून गेले. पुढं हाच काल्थ्रॉप पॅराशूटच्या मागं लागला, त्याच्या पॅराशूटचं नाव गार्डियन एंजल, पण पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी आपल्या विमानाच्या पायलटांना पॅराशूट दिलंच नाही.

मी मागं बघितलं, सर काही बोलतात का. सर गप्प. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलताना जवळ आले आणि म्हणाले, "चार वर्षं त्याच गाडीनं शाळेला जात होतो रे, कुर्डुवाडीहून. आणि हे मला तुझ्याकडनं कळतंय."