ठिसूळ पदार्थातला तडा शोधायला शिकताना

डिचोलीला कुंभाराकडून मडके घेताना आजी ते एका हातावर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटाने वाजवून बघायची. खणखणीत नाद आला तर पिशवीत, बद्द आवाज आला तर परत. भौतिकशास्त्रात एमएस्सी करताना माझ्या वाट्याला अॅल्युमिना सिरॅमिकच्या फरशांवरचे तडे अल्ट्रासॉनिक लहरींनी, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या ध्वनिलहरींनी, शोधण्याचा प्रकल्प आला, तेव्हा मला पहिल्यांदा आजीच आठवली. तिच्या परीक्षेत तडा आहे एवढे कळायचे. तो कुठे आहे आणि किती खोल आहे, हे आम्हाला शोधायचे होते.

पृष्ठभागावरच्या बारीक तड्याची एवढी काळजी का करायची? पोलाद ताणले की तड्याच्या टोकाशी थोडे वाकते, दबते आणि ताण गिळते. काच किंवा सिरॅमिक तसे करत नाही. ग्रिफिथने 1921 मध्ये काचेवरच्या प्रयोगांतून दाखवले की तुटण्याचा ताण तड्याच्या लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे तडा चौपट झाला की ताकद निम्मी. आणि वाकताना सर्वांत जास्त ताण पृष्ठभागावरच असतो. चुंबकीय कणांची चाचणी इथे चालत नाही, कारण सिरॅमिक चुंबकाला दाद देत नाही. एडी करंटच्या, म्हणजे पदार्थात भोवऱ्यासारखा विद्युतप्रवाह निर्माण करणाऱ्या चाचणीला विद्युतवाहक पदार्थ लागतो. तड्यात झिरपणाऱ्या रंगद्रव्याची पेनिट्रंट चाचणी तडा दाखवते, पण खोली सांगत नाही.

म्हणून पृष्ठलहरी. लॉर्ड रॅले यांनी 1885 मध्ये मांडलेली ही लहर पृष्ठभागाला चिकटून धावते आणि साधारण एका तरंगलांबीएवढ्या खोलीपर्यंतच तिचा जोर असतो. अॅल्युमिनात तिचा वेग सेकंदाला सुमारे 5,600 मीटर. 5 मेगाहर्ट्झला तरंगलांबी जेमतेम 1.1 मिलिमीटर, 2 मेगाहर्ट्झला 2.8. उथळ तड्यावर 5 मेगाहर्ट्झची लहर आपटून परत येते, 2 ची बरीचशी खालून निघून जाते. दोन्ही प्रोबचे (लहर सोडणाऱ्या आणि परत ऐकणाऱ्या उपकरणांचे) प्रतिध्वनी शेजारी ठेवले की खोलीचा अंदाज बांधता येतो. नव्याने येणाऱ्याने हा हिशेब कागदावर स्वतः करून बघावा, यंत्राला हात लावण्याआधी.

कारण मी तो केला नव्हता. प्रयोगशाळेत पृष्ठलहरीचा तयार वेज, म्हणजे लहर ठरावीक कोनात पाठवणारा अॅक्रिलिकचा तिरका ठोकळा होता, तो मी प्रोबला लावला आणि दोन आठवडे पडद्यावर काहीच दिसेना. गेन (संकेत मोठा करण्याचे प्रमाण) वाढवला, प्रोब आणि फरशीमधले जेल बदलले, प्रोबवर शंका घेतली. शेवटी कळले की तो वेज पोलादासाठी घासलेला होता. अॅक्रिलिकमध्ये लहर सुमारे 2,730 मीटर प्रतिसेकंद जाते, आणि वेजच्या कोनाची ज्या (साइन) म्हणजे हा वेग भागिले त्या पदार्थातल्या पृष्ठलहरीचा वेग. पोलादाला कोन 68 अंशांच्या आसपास येतो, काचेला 62 च्या, अॅल्युमिनाला फक्त 29. ते दोन आठवडे फुकट गेले असे मला वाटत नाही, पण तुमचे जाऊ नयेत म्हणून सांगते.

नवा वेज घासून घेतला आणि आता पडदा भरून गेला. फरशीची कड, कोपरा, प्रोबपुढे ओघळलेले जेल, सगळेच बोलायला लागले. आमचे तंत्रज्ञ काका जुने माणूस, त्यांनी एक गोष्ट शिकवली. "बाय, आधी बोट लावून बघ." बोटाला तेल लावून प्रोबच्या पुढे पृष्ठभागावर हळूहळू सरकवत न्यायचे. बोट प्रोब आणि तड्याच्या मध्ये असेल तर लहरीची शक्ती तेलात गळते आणि प्रतिध्वनी खाली बसतो. बोट तड्याच्या पलीकडे गेले की तो पुन्हा उभा राहतो. जिथे उभा राहिला, तिथे तडा. आधी प्रोबपुढचे जेल नीट पुसा, नाहीतर तेच खोटे प्रतिध्वनी देईल.

सर्वांत मोठी चूक मात्र तुलनेच्या नमुन्यात झाली. हिऱ्याच्या पातीने 0.2 मिलिमीटर खोल खाच कापली, तिचा प्रतिध्वनी सुरेख आला, आणि मी वहीत लिहून टाकले की एवढा बारीक दोष आपल्याला दिसतो. नंतर फरशी भट्टीत तापवून पाण्यात टाकली, खरा तडा पाडला. प्रतिध्वनी खाचेच्या तुलनेत कुठच्या कुठे कमी. खाचेच्या दोन भिंतींत हवेची मोकळी फट असते. खऱ्या तड्याचे ओठ ठिकठिकाणी एकमेकांना टेकलेले असतात आणि लहर त्यातून पार होते. त्यात जुलै महिना. पाण्यातून काढलेल्या फरशीच्या तड्यात पाणी उरले होते, आणि पाण्याने भरलेली फट लहरीला आणखी थोडी वाट देते. ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा मोजले तेव्हा प्रतिध्वनी वर आला. गोव्याच्या पावसाळ्यात हे मोजमाप करणाऱ्याने नमुना किती वाळवला, ते दर वेळी लिहून ठेवावेच. शिवाय ओलाव्यात ताणाखालचा काचेचा तडा हळूहळू वाढतो, म्हणून आज मोजलेला नमुना महिन्याने तोच असेल असे धरू नका.

नोकरीबद्दल थोडक्यात. एनडीटीत (वस्तू न मोडता केलेल्या तपासणीत) यूटीचे, म्हणजे अल्ट्रासॉनिक चाचणीचे लेव्हल एक आणि दोन हे प्रमाणपत्र लागते, आणि जवळचे दिसण्याची तपासणी दरवर्षी द्यावी लागते. वास्कोला जहाजकामात पोलादाचे वेल्ड तपासायचे काम मिळते. सिरॅमिकचे काम कमी आहे, पण पोर्सिलेनच्या इन्सुलेटरवर हीच विद्या लागते. अभ्यासक्रम पोलादाभोवती फिरतो, तेव्हा ठिसूळ पदार्थांची सवय स्वतःच लावून घ्यावी लागते. फुटक्या काचेच्या पट्ट्या जमवा, त्यांवर सराव करा. काच स्वस्त आहे, आणि डोळ्यांनी तडा दिसत असल्याने पडदा खरे बोलतो का ते लगेच कळते.

प्रकल्पाच्या शेवटच्या महिन्यात एक फरशी हाती आली, भिंगाखालीही गुळगुळीत. वेजमधला वेळ वजा केल्यावर 15 मायक्रोसेकंदांवर बारीक प्रतिध्वनी होता. जाऊन परत यायचा वेळ म्हणून निम्मा केला, तर 42 मिलिमीटर. तेलाचे बोट सरकवले, पट्टी लावली, पेन्सिलने खूण केली. काकांनी लाल पेनिट्रंट लावून पुसला आणि वर पांढरी पूड फवारली. थोड्या वेळाने खुणेच्या अगदी शेजारी केसासारखी लाल रेघ उमटली.