नामांकित विद्यापीठाला अर्ज करावा का?

हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी अशा ठिकाणी अलीकडे १०० अर्जदारांपैकी ५ जणांनाही प्रवेश मिळत नाही. हे पाहून लगेच माघार घेऊ नका. आधी त्या विद्यापीठाचा ‘कॉमन डेटा सेट’, म्हणजे त्याने स्वतः प्रसिद्ध केलेली प्रवेशाची वगैरे आकडेवारी, शोधा. त्यात प्रवेश घेतलेल्यांपैकी मधल्या निम्म्या विद्यार्थ्यांचे सॅट या अमेरिकी प्रवेशपरीक्षेतले गुण कुठून कुठपर्यंत आहेत ते कळतं. तुमचे गुण त्याच्या बरेच खाली असतील तर तो वेळ दुसऱ्या अर्जाला द्या. त्या टप्प्यात बसत असतील तरी खात्री नाहीच, पण प्रयत्नाला अर्थ आहे.

पैशाचं आत्ताच बघा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि एमआयटी परदेशी विद्यार्थ्यांची निवड करतानाही आर्थिक गरज विचारात घेत नाहीत. बऱ्याच विद्यापीठांत मात्र मदत मागितली की निवड अवघड होते. अर्जाचं शुल्क जड जात असेल तर माफी जरूर मागा, त्यात कमीपणा नाही. ‘अर्ली डिसिजन’ने, म्हणजे एकाच विद्यापीठाला नेहमीच्या मुदतीआधी अर्ज करण्याच्या पद्धतीने, अर्ज केलात तर प्रवेश मिळाल्यावर तिथे जाणं बंधनकारक असतं. म्हणून घरी खर्चाचं स्पष्ट बोलणं झाल्याशिवाय तो पर्याय निवडू नका.

मला सर्वांत भरवशाची वाटते ती ही चाचणी: ‘हेच विद्यापीठ का?’ यावर कीर्ती आणि क्रमवारी यांचा उल्लेख न करता दोन परिच्छेद लिहा. तिथला एखादा अभ्यासक्रम, प्रयोगशाळा, शिकवण्याची पद्धत, असं काहीच सुचलं नाही, तर हा अर्ज सोडून द्या.