वीर्य तपासणीला जायच्या आधी एवढं बघून घ्या

लग्नाला वर्ष उलटलं, दिवस राहत नाहीयेत आणि घरात फक्त बायकोच्याच सोनोग्राफ्या चालल्यात, तर भाऊ पहिले स्वतःची तपासणी करा. हिला दोन वर्षं गोळ्या-इंजेक्शनं झाली, नवस झाले, आणि मी मात्र एका डबीपुरता दवाखान्यात गेलो नाही, ते अजून लागतं मनाला.

दिवस आधी मोजा. शेवटचं वीर्य गेल्यानंतर कमीत कमी 2, जास्तीत जास्त 7. जास्त थांबलं की रिपोर्ट भारी येतो असं पारावर सांगतात, पण उलट शुक्राणूंची हालचाल मंदावते. मागच्या तीन महिन्यांत जोराचा ताप आला होता का ते आठवा, कारण शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. माझा पहिला रिपोर्ट डेंग्यूनंतर महिन्याभरात केलेला, एकदम खराब आला, लॅबमध्ये कोणी तापाचं विचारलंच नाही आणि मी रात्रभर गच्चीवर बसून होतो. तीन महिन्यांनी परत केला तर बराच सुधारलेला.

एका कागदावर खरंखरं लिहून न्या: वयात आल्यावर गालगुंड होऊन गोळी (अंडकोष) सुजली होती का, लहानपणी गोळी खाली उतरली नव्हती का, हर्नियाचं ऑपरेशन, शुगर, गुटखा, बिडी, दारू, कपाशीवरची फवारणी, भट्टीजवळचं काम. जिममधली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर अजिबात लपवू नका, त्यानं शुक्राणू पार शून्यावर जाऊ शकतात. अंडकोषाच्या शिरा फुगल्यात का, म्हणजे व्हॅरिकोसील, ते डॉक्टर उभं करून तपासतात, लाजू नका.

नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या. यावल-चोपड्याहून एसटीनं डबी घेऊन जळगावला येऊ नका, तासाच्या आत पोचली पाहिजे, अर्ध्या तासात तर उत्तम, आणि तीही शर्टाच्या आत अंगाशी धरून, बर्फात नाही, मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत तर नाहीच. आधी लघवी, मग हात धुऊन कोरडे. तेल, थुंकी, साधा कंडोम काही नको. पहिल्या थेंबातच शुक्राणू जास्त असतात, तो सांडला तर तसं सांगा.

रिपोर्टमध्ये शुक्राणूंचा नॉर्मल आकार 4 टक्के दिसला म्हणून घाबरू नका, डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) 2021 च्या पुस्तकात खालची मर्यादाच तेवढी आहे. संख्येची एका मिलीला 1 कोटी 60 लाख. एका रिपोर्टवर निकाल लावत नाहीत, दुसरा करतातच.

डबीवर नाव, किती दिवसांचं अंतर आणि नमुन्याची वेळ लिहिलीय ना, ते बघूनच काउंटर सोडा.