प्रेअरीवरच्या छोट्या गावात पहिला हिवाळा कसा काढायचा

स्विफ्ट करंटला नोकरी लागलीय, काय काय तयारी करू, असे मेसेज हल्ली बरेच येतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. गाव म्हणजे कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांताचा नैऋत्य कोपरा, वस्ती सतराएक हजार, ट्रान्स-कॅनडा हायवे गावाला लागूनच जातो, आणि पूर्वेला प्रांताची राजधानी रिजायना गाठायचं तर साधारण २४५ किमी. मधे सपाट शेतं आणि वारा. टोरांटोकडच्या नातेवाइकांचे सल्ले इथे अर्धेच लागू पडतात, कारण तिकडे बस आहे, गल्लीत देशी दुकान आहे आणि असा मोकाट वारा नाही.

तर पहिली गोष्ट, नुसतं तापमान बघून घराबाहेर पडू नका, विंडचिल बघा, म्हणजे वारा धरून अंगाला जाणवणारी थंडी. उणे २५ असेल आणि वारा ताशी ३० किमी असेल तर अंगाला ते उणे ३९ लागतं, आणि तेवढ्यात उघडी कातडी दहा मिनिटांतसुद्धा गोठू शकते. कान आणि नाकाचा शेंडा आधी जातो. कपडे भारतातून आणू नका, इथेच घ्या. आत थर्मल, मधे लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारी पार्का, म्हणजे टोपीवालं जाड, लांब जॅकेट. ग्लोव्हज नकोत, मिट्स घ्या, त्यात चारही बोटं एकत्र राहतात आणि एकमेकांना ऊब देतात. बूट थोडे मोठेच घ्या, घट्ट बुटात जाड मोजा कोंबला की पाय उलट लवकर गारठतात. आणि दुकानात कुणी बनीहग म्हणालं तर गोंधळू नका, बाकीचं जग ज्याला हूडी म्हणतं त्याला सस्कॅचवानची माणसं बनीहग म्हणतात.

आता गाडी, इथे जरा वेळ देऊन वाचा. इकडच्या गाड्यांच्या तोंडातून एक प्लग लोंबत असतो, तो ब्लॉक हीटरचा, म्हणजे थंडीत इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरचा. जुनी गाडी घेताना तो आहे का आणि चालतो का हे आधी विचारा. उणे १५ च्या खाली जाणार असेल तर रात्री गाडी प्लग-इन करायची, अख्खी रात्र वीज जाळायची गरज नाही, टायमर लावून सकाळी निघायच्या आधी तीन-चार तास पुरतात. माझ्या पहिल्या जानेवारीत मी प्लग लावला होता पण एक्स्टेन्शनची वायर घरातली साधी होती, ती थंडीने काठीसारखी कडक होऊन तडकली आणि सकाळी सहाला शिफ्टला निघताना गाडीने नुसतं टक टक केलं. मी अंगणात उभी, पापण्यांवर बर्फाचे कण, काय करावं सुचेना, तेवढ्यात समोरचे आजोबा पायजम्यावर पार्का चढवून बूस्टर केबल घेऊन आले. मी हाक मारली नव्हती. त्यांना आवाजावरनं कळलं होतं. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी आपल्या गॅरेजमधली बाहेर वापरायची जाड वायर आणून दिली, ती आजही मी वापरते. म्हणून सांगते, वायर बाहेरच्या वापराचीच घ्या, आणि शेजाऱ्यांशी ओळख थंडी पडायच्या आधी करून ठेवा.

गावाबाहेर जाताना पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली येऊ देऊ नका. डिकीत फावडं, ब्लँकेट, मेणबत्ती-काडेपेटी, खायला काहीतरी हवंच. ब्लिझर्डमध्ये, म्हणजे हिमवादळात, अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका, हे घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा, समोर दिवा दिसतोय म्हणून निघालेला माणूस शंभर पावलांत वाट चुकतो. गाडीतच बसायचं, सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढत राहायचा, तासातून दहाएक मिनिटंच इंजिन चालवायचं आणि तेव्हा काच किंचित खाली ठेवायची, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत साठतो आणि कळतही नाही. आणि निघायच्या आधी हायवे हॉटलाइन बघा, तिथे रस्ता बंद लिहिलं असेल तर मुकाट्याने घरी थांबा.

घरात हवा फार कोरडी होते, नाकातून रक्त येतं, म्हणून बेडरूममध्ये ह्युमिडिफायर लावा.

घरी फोन करायचं गणित मात्र सोपं. हा प्रांत जवळपास सगळा घड्याळ पुढेमागे करत नाही, त्यामुळे भारताशी फरक वर्षभर साडेअकरा तास. इथे रात्रीचे आठ म्हणजे तिकडे सकाळचे साडेसात, आईचा चहा.

माणसांबद्दल. कच्च्या रस्त्यावर समोरनं येणारा ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, तो नमस्कार आहे, तुम्हीही उचला. वयस्कर लोक दुपारच्या जेवणाला डिनर म्हणतात आणि रात्रीच्या जेवणाला सपर, बोलावणं आलं तर वेळ विचारून घ्या. शरद ऋतूत गावोगावच्या हॉलमध्ये फॉल सपर असतं, तिथे नक्की जा, टर्की असते, युक्रेनी लोकांनी आणलेले पेरोगी (बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या) असतात, आणि अर्ध्या गावाशी एका संध्याकाळी ओळख होते. शेतकऱ्याशी काय बोलायचं हा प्रश्न आपल्याला पडायलाच नको, पाऊस किती झाला विचारा. इथे वर्षाला साधारण ३५० ते ४०० मिमी पडतो, तोही बर्फ धरून, म्हणजे आपल्या माणदेशाहून कमीच, आणि ती काळजी चेहऱ्यावर अगदी तशीच दिसते. मसूर पिकवतो म्हणाला तर सांगा की आमच्याकडे आमटीला हीच लागते, सस्कॅचवानची मसूर भारतात जाते हे त्याला माहीत असतं, पण ती खाणारं माणूस समोर बसलेलं क्वचित भेटतं.

हेल्थ कार्डाचा अर्ज आल्या आल्या करा. कार्ड हातात आलं की एवढं लक्षात असू द्या, याच भागातल्या लोकांनी मतदान करून स्वतःवर कर लावून घेतला आणि १९४६ साली सगळ्यांसाठी डॉक्टर-हॉस्पिटलची सोय उभी केली, अख्ख्या प्रांतात तशी योजना यायला १९६२ उजाडलं. दुष्काळ आणि मंदीत होरपळलेली माणसं होती ती. मला या गावाबद्दल सगळ्यात जास्त आदर याचाच आहे.

डिसेंबरात सूर्य नऊनंतर उगवतो आणि पाचला मावळतो, तेव्हा मन खचतं, ते अंगावर काढू नका, डॉक्टरला व्हिटॅमिन डीचं विचारा आणि आठवड्यातून एकदा तरी कर्लिंग रिंक (बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचं मैदान) किंवा हॉकीच्या मॅचला जाऊन बसा. बर्फ एप्रिलमध्ये गेल्यासारखा वाटतो पण फसू नका, टोमॅटोची रोपं मे महिन्यातल्या लाँग वीकेंडच्या आधी बाहेर लावायची नाहीत. मेथी मात्र झकास येते, जूनमध्ये रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो ना. बी जरा जास्तच आणा, मी पहिल्या वर्षी एक वाफा लावला तर कुंपणापलीकडनं आजोबांनी पान चुरगाळून वास घेतला आणि मूठभर बी मागून नेलं.