स्वस्त व्हर्निअर की महाग? घेण्याआधी आणि घेतल्यावर या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत 'कॅलिपर द्या' म्हणालात तर पोरगं तुमच्या तोंडाकडे बघत राहील. डिजिटल असो, डायलचा असो, साधा असो, दोन जॉ म्हणजे जबड्यांत वस्तू धरून जाडी-व्यास मोजायच्या या हत्याराला आमच्याकडे सरसकट व्हर्निअर म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. माझ्या लेथच्या शेडमध्ये आयटीआय करून आलेला प्रत्येक जण पहिल्या पगाराला विचारतो, "मालक, कुठला घेऊ? हजारवाला का जपानी?" मी उलट विचारतो, "मोजणार काय बे त्यानं?" तिथं गाडी अडते.

पडद्यावरच्या शेवटच्या आकड्यावर भरवसा

ही माझी सगळ्यात नावडती चूक. मीही ती पैसे भरून केलीय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका टॉवेल कारखान्याचे बारा रोलर आले होते. दोन्ही टोकांना ६२०५ बेअरिंग, म्हणजे सीट (शाफ्टवर बेअरिंग बसतं ती जागा) २५ मिमीची, फिट के६, म्हणजे बेअरिंग किंचित घट्ट बसेल असं माप. याचा अर्थ सीट २५.००२ ते २५.०१५ च्या मध्ये कुठेतरी हवी. गड्ड्याची जत्रा चार दिवसांवर आलेली, कारखानदाराला जत्रेआधी माल हवा. आदल्याच आठवड्यात अकराशे रुपयांना नवा डिजिटल आणला होता. पोरानं एकेक सीट मोजली, प्रत्येक वेळी २५.०१. वहीत ओळीनं तोच आकडा. मी खूश. व्हर्निअरपेक्षा बारीक मोजणारा मायक्रोमीटर कपाटात, किल्ली माझ्याच खिशात. घाईत कोण काढतो?

तिकडे बेअरिंग हातानं सरकत आत गेलं म्हणून फिटरही खूश झाला. के६ च्या सीटवर बेअरिंग हातानं जातच नाही, हलकं का होईना ठोकावं किंवा दाबावं लागतं. तिथंच थांबायला हवं होतं. तीन आठवड्यांनी फोन आला, रोलर थरथरतोय. उघडून बघितलं तर आतली रिंग शाफ्टवर फिरून फिरून सीट निळी पडलेली, चरे उमटलेले. दोन ठिकाणी त्यांच्या फिटरनं सेंटर पंचनं पॉप मारून बेअरिंग घट्ट करायचा प्रयत्नही केला होता. पॉप मारणं म्हणजे विरलेल्या चादरीला टाचणी लावणं. चार दिवस धरते, मग आणखी फाटते.

नशिबानं दोन रोलर अजून बसवायचे राहिले होते. ते मायक्रोमीटरनं मोजले: एक २४.९७, दुसरा २४.९७५. मग ते तीन-चार शतांश (मिमीचा शंभरावा भाग म्हणजे एक शतांश) गेले कुठे? थोडं गरम जॉबमुळे, म्हणजे लेथवरच्या नगामुळे. लेथवरून उतरवला की लगेच मोजला होता, आणि २५ मिमीचं स्टील तीस अंशांनी तापलं तर जवळजवळ ०.०१ नं फुगतं. थोडं त्या व्हर्निअरचंच, तो दोन शतांश जास्त दाखवत होता. उरलेलं पोराच्या हलक्या अंगठ्याचं. सगळ्या सीटवर वेल्डिंग भरून परत टर्निंग केलं, माझ्या खर्चानं.

आता खरी गोष्ट. त्या दिवशी हातात जपानी मितुतोयो असता तर वाचलो असतो का? कदाचित थोडक्यात, पण भरवसा नाही. १५० मिमीच्या चांगल्या डिजिटलची कंपनी अधिक-उणे ०.०२ ची हमी देते. स्वस्तवाले नवेपणी ०.०३ म्हणतात. आणि आपल्याला हव्या असलेल्या २५.००२ ते २५.०१५ या खिडकीची रुंदीच ०.०१३! पडदा ०.०१ दाखवतो म्हणून हत्यार तेवढं खरं बोलतं असं नाही. बेअरिंगच्या सीटसाठी व्हर्निअर स्वस्तही नको, महागही नको. आधी मायक्रोमीटर घ्या. आणि तो ०-२५ चा घेऊन येऊ नका हो, २५.०१ त्यात मावत नाही. माझ्याकडे दोघांनी तसा आणलाय.

घेतल्यावर तपासायचं नाही

"नवा आहे, झिरो दाखवतोय" असं सांगतात. जॉ मिटवून झिरो तर कुठलाही दाखवेल, बटण तुम्हीच दाबलंय. मधल्या मापाला काय दाखवतो ते बघा. गेज ब्लॉक, म्हणजे नेमक्या मापाचे स्टीलचे ठोकळे, परवडत नसतील तर माझी सवय सांगतो: चांगल्या कंपनीचं नवं ६२०४ बेअरिंग तेल लावून डबीत ठेवलंय. बाहेरचा व्यास ४७ मिमी आणि आतला २०, आणि साध्या दर्जाच्या बेअरिंगातही हे दोन्ही आकडे फार तर शतांशभरच कमी असतात. बाहेरचे जॉ ४७ वर, आतले २० वर. रुंदी १४ लिहिलेली असते, पण तिच्यावर विसंबू नका, तिला बरीच ढील दिलेली असते.

त्याच बेअरिंगवर दुसराही खेळ करून बघा. एकदा हलक्या हातानं मोजा, एकदा अंगठा जोरात दाबून. एकदा जॉच्या मुळाशी धरा, एकदा टोकाशी. स्वस्त व्हर्निअरवर आकडा दोन-तीन शतांश सहज हलतो, कारण स्केल एका रेषेत असतं आणि जॉब दुसऱ्या, म्हणून दाबलं की सरकता जॉ तिरपा होतो. महाग व्हर्निअरमध्ये हे कमी होतं, कारण सरकपट्टी घट्ट आणि सरळ बसलेली असते. जास्तीचे पैसे तुम्ही यासाठी देता. चकचकीत डबीसाठी नाही.

गरम जॉब, थंड व्हर्निअर

सोलापूरचा मे म्हटला की लोकांना वाटतं बेचाळीस अंशात सगळीच मापं बिघडतात. तसं नाही. व्हर्निअर स्टीलचा, जॉब स्टीलचा आणि दोघंही तितकेच तापलेले असतील तर दोघं सारखेच वाढतात, आकडा बराचसा बरोबर येतो. बिघडतं ते एक गरम आणि दुसरं थंड असताना. साखर कारखान्याच्या गनमेटलच्या (एक प्रकारचं कासं) बुश, म्हणजे शाफ्टभोवती बसायच्या नळ्या, करतो आम्ही, १५० मिमीच्या. कट घेऊन साठ अंशांवर असताना १५०.०० मोजली तर रात्री तीस अंशांवर ती सुमारे ०.०८ नं कमी भरते. बसत नाही म्हणून हातोडा, किंवा सैल म्हणून शिव्या. आणि दोष कोणाला? व्हर्निअरला.

माझा उपाय फार शास्त्रीय नाही. फिनिश कटच्या आधी जॉब आणि व्हर्निअर दोन्ही एकाच लोखंडी टेबलावर ठेवतो आणि डबा उघडतो. भाकरी, शेंगाचटणी, ताक होईपर्यंत दोघांचं तापमान जुळतं. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी पाण्यात बुडवून मोजावं आणि उरलेला दिवस गंज पुसावा. शर्टाच्या खिशात व्हर्निअर ठेवून फिरणाऱ्यांना तर मी बोलणंच सोडलंय.

बाकीच्या, पटापट

नावाजलेलं नाव निम्म्या किमतीत मिळालं तर ते नावच खोटं असण्याची शक्यता जास्त. मी फसलोय. सरकवताना खडखड वाटली होती आणि सेल दोन महिन्यांत संपला, खऱ्याचा काही वर्षं पुरतो.

स्वस्त डिजिटल बंद केला तरी आतून थोडा करंट खातच राहतो. रात्री सेल काढून ठेवा. एलआर४४ (अल्कलाइन) ऐवजी एसआर४४ (सिल्व्हर ऑक्साइड) बटण सेल घाला, त्याचा व्होल्टेज शेवटपर्यंत टिकतो.

कूलंट उडतं तिथं साधा डिजिटल नेऊ नका, आकडे नाचायला लागतात. आयपी६७ वाला, म्हणजे पाणी-धूळ आत न जाणारा, न्या, नाहीतर सेल नसलेला.

पाच-सहा मिमीचं भोक आतल्या जॉनं मोजून "ड्रिल छोटं आलं" म्हणू नका. त्या जॉच्या धारेलाही जाडी असते, भोक कमीच दिसतं. माहीत असलेल्या मापाची पिन घालून बघा.

फिरत्या जॉबवर जॉ टेकवणारा माझ्या शेडमध्ये दुसऱ्या दिवशी नसतो.

जॉच्या टोकानं जॉबवर खुणेच्या रेघा ओढू नका. त्यासाठी स्क्रायबर पन्नास रुपयांना मिळतो.

मग घ्यायचा कुठला?

दोन-तीन हजारांत सेल नसलेला, ०.०२ मिमीपर्यंत वाचता येणारा, बऱ्या कंपनीचा साधा व्हर्निअर. वाचायला एक आठवडा लागतो, एवढंच. पन्नास रेघा ४९ मिमीत बसवल्यात, जी रेघ जुळते ती वाचायची. पोरं तोंड वाकडं करतात, "मालक, डोळे दुखतात". दुखू देत. रेघ वाचणाऱ्याला आपण दोन शतांशांच्या पलीकडे बघत नाही हे आपोआप कळतं. पडदा ते कळू देत नाही. रोज शंभर नग मोजायचे असतील तरच महाग डिजिटल घ्या, तिथं तो वेळ वाचवतो.

हजारवाला वाईट नाही. पत्र्याची जाडी, पाइप, बोल्ट, रफ टर्निंग, सगळं त्यावर चालतं, आणि पडला तर जीव जात नाही. माझ्याकडे एक अजून आहे, रोलरवाला तोच. त्यावर लाल टेप गुंडाळलीय आणि तो दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असतो. शेजारच्या शेडमधून कोणी "जरा व्हर्निअर द्या की ओ" म्हणत आला की तोच देतो.