गवती हॅट घरी दुरुस्त करताय? या चुका टाळा

हॅटला पुढून जिथे दोन खळगे असतात, तिथेच आधी चीर पडते. काढता-घालताना लोक त्या खळग्यांत बोटं रोवून हॅट उचलतात आणि वाळलेली काडी तिथे तुटते. इक्वाडोरमध्ये तोकीया या ताडासारख्या वनस्पतीच्या पानांपासून विणलेल्या, पण जगभर ‘पनामा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हॅटची तर ही नेहमीची दुखापत. चीर दिसली की बहुतेकांचा हात सुपरग्लूकडे जातो. कृपया तो वापरू नका.

सुपरग्लू पातळ असतो. चिरेपुरता थांबत नाही, काडीत मुरत बोटभर पसरतो आणि काचेसारखा कडक होतो. हॅट डोक्यावर सतत थोडी वाकत असते. कडक झालेला भाग वाकत नाही, म्हणून सगळा ताण त्याच्या कडेवर येतो आणि महिन्याभरात तिथे नवी चीर पडते. मग तिच्यावर पुन्हा दोन थेंब. अशी हॅट दुरुस्तीला येते तेव्हा एका चिरेच्या तीन झालेल्या असतात, मधला भाग पांढुरका आणि ठिसूळ झालेला असतो आणि सुई घातली की काडीचा चुरा पडतो. ॲसिटोनने गोंद मऊ होतो, पण हॅटचा रंग आणि रोगणही निघतं. मूळची अर्ध्या इंचाची चीर अर्ध्या तासात नीट बसली असती, म्हणून याचं वाईट वाटतं.

त्याऐवजी ओलं करून घट्ट पिळलेलं सुती कापड चिरेवर दहा मिनिटं ठेवा. काडी लवचीक झाली की तुटलेली टोकं बोटाने समोरासमोर आणा. आतल्या बाजूने जुन्या मलमलीचा तुकडा लावा, चिरेपेक्षा सगळीकडून एक सेंटिमीटर मोठा. गोंद सुतारकामाचा पांढरा, तितकंच पाणी घालून, ब्रशने अगदी पातळ. आत टॉवेलचा बोळा भरा आणि रात्रभर हात लावू नका. दोन तासांनी ‘वाळलं का’ म्हणून दाबून बघणाऱ्यांचीच ठिगळं सुटतात. काडी गळून भोक पडलं असेल तर राफियाचा, म्हणजे ताडाच्या पानांपासून काढलेला धागा वीस मिनिटं कोमट पाण्यात भिजवा आणि मूळच्या विणीप्रमाणे एकाखालून, एकावरून ओवा. दोन्ही बाजूंना दीड-दोन सेंटिमीटर चांगल्या विणीत जाऊ द्या. रंग जुळवायला कोरा चहा पुरतो.

दुसरी चूक म्हणजे लोंबणारा दोरा ओढणे. गव्हाच्या काडाच्या वेण्या गोल गोल शिवून केलेल्या हॅट बऱ्याचदा एकेरी दोऱ्याच्या साखळी टाक्याने शिवलेल्या असतात. शिवण माथ्याच्या मध्यावर सुरू होते आणि काठावर संपते. काठाचं ते टोक सुटलं आणि ओढलं, की शिवण सरसर उसवत माथ्याकडे निघते. दोरा कापूही नका. टाका मोकळाच राहतो. शेवटचा धड फास शोधा, टोक त्यातून ओवून गाठ मारा. मग उसवलेल्या जागेच्या दोन सेंटिमीटर आधीपासून, चांगल्या शिवणीवरूनच, हाताने शिवायला घ्या: एक टाका पुढे, अर्धा मागे. टाका सहा-सात मिलिमीटरचा, सुई बारीक, आणि ती काडीतून नव्हे, दोन काड्यांच्या फटीतून घाला. दोरा फार आवळला की काठाला चुण्या पडतात आणि त्या वाफेनेही जात नाहीत.

हॅट कशाची आहे हे न बघता पाणी लावू नका. पर्यटनस्थळी मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त ‘गवती’ हॅट पिळलेल्या कागदाच्या असतात. आतल्या बाजूच्या एका सुट्या धाग्याचं टोक ओलं करून पीळ सोडवा. सपाट पट्टी उलगडली तर कागद. त्याला ओलं कापड आणि वाफ दोन्ही वर्ज्य, फक्त सुई-दोरा. धागा प्लॅस्टिकचा असेल तर इस्त्री लांब ठेवा.

आकार बसवायला वाफ द्यायची ती किटलीपासून वीतभर अंतरावरून, दहा-पंधरा सेकंद, हॅट फिरवत. जास्त दिली की काठाला ताठ ठेवणारी खळ सैल पडते आणि काठ लोंबतो. तसं झालंच तर कपभर गरम पाण्यात चमचाभर जिलेटिन विरघळवून काठाच्या खालच्या बाजूने लावा. पावसाळ्यात मात्र हे टाळा, बुरशी धरते.

वाळवायची सावलीत, उलटी, माथ्यावर टेकवून. उन्हात काडी पुन्हा ठिसूळ होते.

ब्लीच नको, डाग कितीही खटको.

कपाळाला लागणारी आतली घामपट्टी गोंदाने चिकटवू नका. घामाने ती सुटतेच, वर काडीला वास धरतो. जुन्या टाक्यांच्या भोकांतूनच शिवा.

काठातली तार तुटली तर टोकं समोरासमोर जोडू नका. तीन सेंटिमीटर एकमेकांवर आणा, दोऱ्याने घट्ट गुंडाळा आणि सांधा मागच्या बाजूला येईल असा फिरवून मगच काठ शिवा.