जुनी झूम लेन्स, नवा कॅमेरा: खरी मेख अडॅप्टरच्या जाडीत

फिल्मच्या जमान्यातल्या जुन्या प्राइम (झूम न होणाऱ्या, एकाच फोकल लांबीच्या) लेन्सना आता चांगलाच भाव आला आहे. त्याच काळातल्या झूम लेन्स मात्र अजून स्वस्त मिळतात, आणि त्यांतल्या काही फार चांगल्या आहेत. मिनोल्टा एमडी ३५–७० एफ ३.५, निकॉन सिरीज ई ७५–१५० एफ ३.५, कॅननची न्यू एफडी ७०–२१० एफ ४ ही त्यांतली सहज सुचणारी नावे. व्हिव्हिटार सिरीज १ ची ७०–२१० घेणार असाल तर सिरीयल नंबरचे पहिले दोन आकडे बघा, लेन्स बनवणारी कंपनी त्यांवरून कळते. २२ म्हणजे किनो, ३७ म्हणजे टोकिना आणि २८ म्हणजे कोमिने. नाव एकच असले तरी या तिन्ही वेगळ्या लेन्स आहेत.

गोव्यात लेन्स घेताना पहिली तपासणी बुरशीची. अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) पूर्ण उघडा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि समोरून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, सगळीकडे दुधट पडदा दिसला तर हेझ. हेच झूमच्या दोन्ही टोकांना करून बघा, कारण आतले काचगट सरकले की लपलेला डाग दिसायला लागतो. अगदी पुढच्या किंवा मागच्या काचेवरची बुरशी साफ करता येते. मधल्या सरकत्या गटांतली असेल तर लेन्स सोडून द्या. तिथे उघडलेली झूम पुन्हा नीट जुळवणे प्राइमपेक्षा फार अवघड असते. अ‍ॅपर्चरची पाती कोरडी हवीत. त्यांवर तेल असेल तर ती आळसावतात.

माउंटचे, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर बसते त्या कडीचे, गणित सोपे आहे. लेन्सच्या माउंटपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर निकॉन एफचे ४६.५ मिमी, एम ४२ आणि पेंटॅक्स केचे ४५.४६, मिनोल्टाचे ४३.५, कॅनन एफडीचे ४२. आताच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत सोनी ईचे १८, कॅनन आरएफचे २०, निकॉन झेडचे १६. मधली फट अडॅप्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा जोडणारी कडी, भरून काढतो, म्हणून मिररलेसवर हे सगळे चालते. कॅननच्या ईएफ डीएसएलआरचे अंतर ४४ मिमी आहे, त्यामुळे तिथे एफडी किंवा मिनोल्टा लेन्स काच बसवलेल्या अडॅप्टरशिवाय दूरचे फोकस करू शकत नाही. त्या स्वस्त काचेने चित्र बिघडते, तो मार्ग टाळाच. एफडीच्या अडॅप्टरला लॉक-ओपनची रिंग हवी, नाहीतर अ‍ॅपर्चर बंदच होणार नाही. एम ४२ लेन्सला मागे पिन असेल तर ती दाबणारी कड असलेला अडॅप्टर घ्या.

आता मुख्य गोष्ट. स्वस्त अडॅप्टर बहुतेकदा मुद्दाम किंचित पातळ बनवलेले असतात, म्हणजे इन्फिनिटी (अगदी दूरचा फोकस) हमखास गाठता येते. प्राइम लेन्सवर याने फारसे बिघडत नाही, रिंग थोडी अलीकडे थांबते इतकेच. झूमवर मात्र बिघडते. लांबच्या टोकाला रिंग जराशी फिरवली तरी चूक भरून निघते. रुंद टोकाला तेवढीच चूक भरायला रिंग खूप जास्त फिरवावी लागते. म्हणून २१० मिमीवर नीट फोकस करून ७० वर आलात की चित्र धूसर होते आणि लेन्सला दोष दिला जातो. अडॅप्टर ०.१ मिमी पातळ असला तर एफ ३.५ वर प्रत्येक बिंदूचा सुमारे ०.०२९ मिमीचा ठिपका होतो. २४ मेगापिक्सलच्या फुलफ्रेम सेन्सरवर तो जवळजवळ पाच पिक्सल व्यापतो.

तपासायला सकाळी लवकर मिरामारच्या किनाऱ्यावर जा. समोर पाण्यापलीकडे आग्वादचा किल्ला दिसतो, तो इन्फिनिटी मानायला पुरेसा दूर आहे. दुपारी जाऊ नका, पाण्यावरची तापलेली हवा थरथरते आणि काहीच नीट कळत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे, व्ह्यू मोठा करून आधी लांबच्या टोकाला फोकस करा आणि रिंग कुठे थांबली ते बघा. मग झूम रुंद टोकाला न्या आणि पुन्हा फोकस करा. रिंग इन्फिनिटीच्या खुणेवरून ५–१० मीटरकडे सरकली तर अडॅप्टर पातळ आहे. इन्फिनिटी कुठेच मिळत नसेल तर तो जाड आहे, बदलून घ्या.

पातळ अडॅप्टर घरी दुरुस्त होतो. बहुतेकांची एका बाजूची माउंट-पट्टी चार-सहा स्क्रूंनी बसवलेली असते. ती काढून खाली ॲल्युमिनियम फॉइलचे तुकडे ठेवायचे. स्वयंपाकघरातले फॉइल साधारण ०.०१ ते ०.०२ मिमीचे असते. दहा थर एकावर एक ठेवून कॅलिपरने मोजा आणि दहाने भागा. चारही बाजूंना सारखेच थर द्या, नाहीतर लेन्स कलते आणि फोटोची एकच बाजू धूसर येते. एका वेळी ०.०५ मिमी वाढवा आणि पुन्हा तपासा. चिकटपट्टी वापरू नका, आपल्याकडच्या उन्हात तिचा गोंद पाझरतो. काही जुन्या झूम मुळातच फोकस टिकवणाऱ्या नसतात. त्यांना या उपायाचा उपयोग नाही, दर झूमनंतर फोकस करावाच लागतो.

कॅमेऱ्यात ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करा. स्टॅबिलायझेशनमध्ये (कॅमेऱ्याचा हादरा भरून काढणारी सोय) फोकल लांबी, म्हणजे लेन्सवरचा मिमीचा आकडा, हाताने भरा. झूम बदलत राहणार असाल तर लहान आकडा ठेवा. मोठा आकडा भरला तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि फोटोच हललेला येतो. ऑटो आयएसओला फोकल लांबी कळत नाही, तेव्हा किमान शटर स्वतः १/२५० ठरवा. फोकस टिकवणाऱ्या झूमवर फोकस नेहमी लांबच्या टोकाला, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर करायचा, मग झूम हवी तिथे आणून एफ ८ करायचे. फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) एकट्यावर विसंबू नका, त्याचे रंग जरा ढिल्या फोकसलाही उमटतात.

वाळूवरच्या कडक उन्हात जुन्या कोटिंगच्या लेन्सचा कॉन्ट्रास्ट पार घसरतो, त्यामुळे हूड हवाच. फ्रेमच्या मधोमध फिकट ठिपका दिसला तर तो सेन्सर आणि मागच्या काचेमधला परावर्तनाचा खेळ आहे. अ‍ॅपर्चर एफ १६ वरून ५.६ वर आणलेत की बहुधा विरतो. पुश-पुल झूम खाली धरल्यावर आपोआप सरकत असेल तर नळी आणि बॉडीच्या सांध्यावर सायकलच्या ट्यूबची एक सेंटीमीटर रुंद पट्टी चढवा. माशेलच्या चिखलकाल्याला (चिखलात खेळायच्या पावसाळी उत्सवाला) लांबून टिपायला ७०–२१० उत्तम, पण या लेन्सना पाण्यापासून संरक्षण देणारी सील नसते. प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड सोबत ठेवा. एसी खोलीतून एकदम बाहेर नेऊ नका. बंद बॅगेतच अर्धा तास राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरते.

चामड्याची जुनी केस टाकून द्या, ती ओल धरते आणि बुरशीला पोसते. जूनपासून लेन्स हवाबंद डब्यात ठेवा, सोबत २०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ६० च्या वर गेला की जेल ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर दोन तास तापवून, थंड करून परत डब्यात ठेवा.